एकतीस जूनचा डोस

मे महिन्यातला शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या सप्तसिंधू सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता. स्कूटरी, सायकली बाहेर काढल्या होत्या. सेक्रेटरी पंढरीनाथकाकांची मारुती, जिला काका एरवी कुणाला हात लावू देत नसत, ती चौघांनी ढकलत गेटाबाहेर नेऊन ठेवली होती. आणि पाण्याच्या पंपाशेजारी व्याघ्रचर्मावर, म्हणजे वाघाच्या पट्ट्यांच्या ब्लँकेटवर, श्री सुईमुक्तानंद महाराज डोळे मिटून बसले होते. समोर घमेल्यात निखारे. डावीकडे लिंबांची रास, उजवीकडे नारळांची.

महाराजांचा शिष्य नाथा, अंगाने आडदांड आणि धुपाने अखंड खोकणारा, हातातलं पिवळसर कार्ड गर्दीपुढे नाचवत होता.

"बघून घ्या! नीट बघून घ्या! बाळाचं नाव कोणी लिहिलं?"

"मी!" पुढून एक बाई म्हणाली.

"बाकी डोसाचे रकाने कसे आहेत?"

"कोरे!"

"मागून आवाज नाही आला."

"कोरे!" अख्खं पार्किंग ओरडलं.

महाराजांनी डोळे उघडले. कार्ड हातात घेऊन निखाऱ्यांवर धरलं आणि पापड भाजावा तसं एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने फिरवलं. ओठ पुटपुटत होते. बघता बघता कोऱ्या रकान्यांतून तपकिरी अक्षरं उगवायला लागली. आधी बीसीजी. मग त्रिगुणी एक, दोन, तीन. मग पोलिओ, गोवर, बूस्टर, पाच वर्षांचा डोस. सगळं तारखांसकट. आणि सगळ्यात खाली एक वळसेदार सही.

"देवी शीतळेची सही!" नाथाने कार्ड उंच धरलं. "वाचता येते का कुणाला?"

कुणालाच येईना.

"कशी येणार? साध्या डॉक्टरची येत नाही. ही तर डॉक्टरांची डॉक्टर!"

टाळ्या पडल्या. दोन बायकांना तिथेच रडू फुटलं. महाराजांनी हात वर केला तशी गर्दी गप्प झाली.

"सुई स्थूल आहे, लस सूक्ष्म आहे," महाराज म्हणाले. चेण्याच्या जंगलात बारा वर्षं तप करून आलेला आवाज होता तो. निदान पत्रकात तसं छापलं होतं. "सरकार आधी पोराला टोचतं, मग कार्ड भरतं. देवी टोचतच नाही. ती पोर झोपलेलं असताना अंगात डोस सोडते आणि इथे फक्त नोंद करते. ना रडणं, ना ताप, ना गाठ. पण एक लक्षात ठेवा. कार्ड भरलं, की सुई वर्ज्य! एका अंगात दोन डोस भांडतात. मग महाराजांना बोल लावायचा नाही."

गर्दीच्या अगदी मागच्या टोकाला, लिफ्टच्या दाराला पाठ लावून, उर्मिला उभी होती. साडेपाच वर्षांच्या सुरुचीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की पोरगी म्हणाली, "आई, माझी बोटं चपटी झाली."

उर्मिला बी.कॉम. झालेली. लग्नाआधी तीन वर्षं परळच्या एका ऑफिसात नोकरी केलेली. असल्या गोष्टींना हसायचं, हे तिला कळत होतं. पण त्या क्षणी तिला हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

कारण तिच्या स्वयंपाकघरात, मसूर डाळीच्या डब्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत सुरुचीचं खरं कार्ड दडवलेलं होतं. त्यात दोन रकाने कोरे होते. दीड वर्षाचा बूस्टर आणि पाच वर्षांचा डोस.

झालं होतं असं. साडेतीन महिन्यांच्या सुरुचीला तिसऱ्या त्रिगुणीनंतर सणकून ताप भरला, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली. उर्मिलाने दोन दिवस पोरीला खाली ठेवलं नव्हतं. दीड वर्षाचा डोस आला तेव्हा म्हणाली, सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात पाहुणे होते. मग परळची खोली सोडून भाईंदरला यायचं ठरलं, खोक्यांत संसार भरला गेला, आणि तो पुढचा आठवडा चार वर्षं आलाच नाही. कौस्तुभला वाटत होतं, सगळे डोस झालेत. सासूबाईंना वाटत होतं, सगळे डोस झालेत. आणि पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेतल्या क्लार्कबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "व्हॅक्सिनेशन कार्ड? कम्प्लीट आहे ना? जूनच्या आधी झेरॉक्स आणून द्या."

उर्मिला म्हणाली होती, "हो, हो. घरी आहे."

घरी होतं खरं. डाळीखाली.

आणि जोडीला एक जुनी गोष्ट होती. उर्मिलाच्या आईचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. आई कधीतरी पापड लाटताना मध्येच थांबायची आणि सांगायची, "श्वास घेताना त्याच्या गळ्यातून शिट्टी वाजायची गं. आम्ही पोरं, आम्हाला गंमत वाटायची. आम्ही हसलो होतो." त्रिगुणी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. उर्मिलाला हे पाठ होतं. पाठ असूनही चार वर्षं गेली होती.

"मला दोन कार्डं द्या," पुढून ओळखीचा आवाज आला. अनसूयाबाई, उर्मिलाच्या सासूबाई, पदर खोचून नाथापर्यंत पोचल्या होत्या. "एक माझ्या नातीला. एक ह्या स्वप्नालीच्या बाळाला. तिला गर्दीत येता येत नाहीये."

"आई, कशाला?" उर्मिला मागून ओरडली.

"असू दे गं. फुकट आहे. पाच लिंबं आणि नारळ, बस."

---

कोरं कार्ड घरी नेल्यावर करायचे विधी पत्रकात छापले होते. शीतळादेवी गारव्याची. तिला ऊन, दिवा, गॅस, काहीही उष्ण सोसत नाही. म्हणून कार्ड लाल फडक्यात गुंडाळून सात दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. देवी फ्रिजमध्ये येऊन वास करते.

"सरकारी लससुद्धा बर्फाच्या पेटीतच असते ना?" महाराजांनी शंकेखोरांना आधीच गप्प केलं होतं. "मग! सरकार कोणाकडून शिकलं?"

त्या आठवड्यात सप्तसिंधूतल्या फ्रिजांना जे दिवस आले ते कुठल्या देवघराला येत नाहीत. ए विंगमध्ये एका फ्रिजवर तोरण लागलं. बी विंगच्या एका काकूंनी अंडी आणि बोंबील हलवून शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवले, तर शेजारीण म्हणाली, "माझ्याकडे पण देवी आहे, तुमची मच्छी का घेऊ?" त्यावरून दोघींचं बोलणं बंद. उर्मिलाच्या घरी सासूबाई फ्रिज उघडण्याआधी चप्पल काढायच्या. सुरुचीला गार पाणी हवं असलं तर आधी नमस्कार. इडलीचं पीठ खालच्या कप्प्यात गेलं, कारण देवीच्या डोक्यावर शिळं चालत नाही.

"कौस्तुभ, तू काहीतरी बोल," उर्मिला नवऱ्याला म्हणाली.

कौस्तुभ बूट काढत म्हणाला, "आईला बरं वाटतंय ना? कार्डच तर आहे. आणि सुरुचीचे डोस तर झालेतच, मग काय फरक पडतो?"

उर्मिलाच्या ओठांवर खरं आलं होतं. तिने ते गिळलं.

मंगळवारी खालच्या मजल्यावरची स्वप्नाली कोथिंबीर मागायला आली. कडेवर नऊ महिन्यांचा नीरज. "ताई, उद्या बुधवार. आरोग्य केंद्रात ह्याची गोवरची तारीख होती. पण मी नाही जात. काकू म्हणाल्या, देवी भरते कार्ड. वर सुई टोचली तर भांडतात म्हणे डोस. बी विंगला दोन मुलांना गोवर आलाय ना, भीती वाटते हो."

"भीती वाटते तर जा की!"

"त्याचीच नाही, देवीची पण वाटते," स्वप्नाली म्हणाली.

उर्मिलाने कोथिंबीर तिच्या हातात दिली. आपलं कार्ड डाळीखाली दडवून दुसरीला कुठल्या तोंडाने जा म्हणायचं? बुधवार तसाच गेला. आरोग्य केंद्रात स्वप्नालीही गेली नाही, उर्मिलाही.

---

गुरुवारी दुपारी सासूबाईंची किंकाळी ऐकू आली.

फ्रिजमधला बर्फाचा कप्पा गळला होता. लाल फडकं चिंब. कार्डाच्या एका कोपऱ्याला ओल लागलेली आणि मधोमध सुरकुती.

"देवी बुडाली गं!" अनसूयाबाईंनी भिंतीला टेकून बसकण मारली. "उद्या महाराजांसमोर काय तोंड दाखवू? म्हणतील, ह्या बाईला साधा फ्रिज सांभाळता येत नाही."

सासूबाईंचं तोंड बघून उर्मिलाला खरंच वाईट वाटलं. चमत्काराचं तिला काही नव्हतं. पण अब्रूचा प्रश्न कुणाचाही असो, तो तिला कळायचा. सुरुचीच्या शाळेच्या मुलाखतीचा फ्रॉक इस्त्री करायला तिने नुकतीच इस्त्री लावली होती.

"आई, रडू नका. चादरीवर ठेवते आणि इस्त्री फिरवते. सुरकुती निघेल, कुणाला कळणार नाही."

तिने फिरवली. एकदा. दोनदा. आणि इस्त्री उचलली तर खाली बीसीजी.

ती दचकून मागे सरकली. परत फिरवली. त्रिगुणी एक. त्रिगुणी दोन. गोवर. जिथून जिथून इस्त्री जात होती, तिथून तिथून देवी उमटत होती. शेवटी सहीसुद्धा आली. ना मंत्र, ना महाराज, ना निखारे.

"आई," उर्मिला हळूच म्हणाली, "हे बघा."

अनसूयाबाई उठल्या. कार्ड बघितलं. इस्त्री बघितली. आत गेल्या. उर्मिलाला वाटलं, आता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई बाहेर आल्या तेव्हा हातात हळदकुंकवाचा करंडा होता.

"तुझ्या इस्त्रीत आली गं!" म्हणत त्यांनी इस्त्रीच्या मुठीला कुंकू लावलं. "साक्षात माझ्या घरात! सुरुची, नमस्कार कर. अगं लांबून, चटका बसेल!"

उर्मिलाने कपाळाला हात लावला. पण तिचा दुसरा हात कार्डावर होता आणि डोळे तारखांवर. सवयच होती तिला, बाजाराची पिशवी असो की शाळेची नोटीस, प्रत्येक ओळ वाचायची. पाच वर्षांच्या डोसासमोर तारीख होती: ३१ जून २००३.

तिने मनात मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले, शाळेत शिकवतात तसे. जून खड्ड्यात आला. तीस दिवस.

आणि कार्डाला एक वास येत होता. रविवारी पोह्यांना येतो तोच.

"आई, एक काम करा. एक लिंबू द्या आणि आगकाडी द्या."

"पूजेला?"

"हो. पूजेलाच समजा."

उर्मिलाने वाटीत लिंबू पिळलं, आगकाडी बुडवून एका कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं, पंख्याखाली धरून वाळवलं. कागद पुन्हा कोरा. सासूबाईंच्या हातात इस्त्री दिली. "आता तुम्ही फिरवा. तुमच्या हाताने."

अनसूयाबाईंनी डोळे मिटून, नाव घेत फिरवली. उघडून बघितलं तर तपकिरी अक्षरांत लिहिलं होतं: भेंडी पाव किलो, कढीपत्ता, साबण.

सुरुची वाचायला नुकतीच शिकत होती, ती अडखळत म्हणाली, "भें... डी."

"लिंबाचा रस कागदाच्या आधी करपतो," उर्मिला म्हणाली. "पोळीवर साखर सांडली तर पोळीच्या आधी ती जळते ना, तसं. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. देवीला गारवा लागतो म्हणून नाही. आधी ऊब लागली तर घरीच सगळं उमटेल म्हणून."

"म्हणजे माझीच पाच लिंबं..." अनसूयाबाई म्हणाल्या.

"त्याचीच शाई."

सासूबाईंनी पदराने इस्त्रीवरचं कुंकू पुसलं. मग सावकाश म्हणाल्या, "पण पोरीचे डोस तर तू दिलेस ना वेळच्या वेळी? मग माझं हे खूळ गेलं तरी काय बिघडलं?"

आता गिळायला जागा नव्हती. उर्मिला स्वयंपाकघरात गेली, मसुराचा डबा ताटात उपडा केला आणि पिशवीतलं कार्ड आणून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. दोन कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं. डोळे भरून आले होते. "मी भ्याले, आई. तापाला भ्याले. आणि मग सांगायला भ्याले."

अनसूयाबाईंनी कार्ड उलटंपालटं केलं. "डाळीत ठेवलं होतंस?"

"हो."

"तू डाळीत, मी फ्रिजमध्ये. पोरीच्या अंगात काही कुणी जाऊ दिलं नाही." त्यांनी नाक ओढलं. "उद्या माझ्याबरोबर खाली चल. इस्त्री घेऊन."

---

दुसऱ्या शुक्रवारी गर्दी दुप्पट होती. लाल फडक्यांतली कार्डं छातीशी धरून फ्रिजवाले भक्त रांगेत उभे. महाराजांनी नुकतंच नीरजचं कार्ड निखाऱ्यांवर भाजलं होतं आणि स्वप्नाली डोळे पुसत होती, तेवढ्यात उर्मिला पुढे गेली.

"महाराज, एक शंका आहे. जून महिन्याला दिवस किती?"

पंढरीनाथकाका मध्ये आले. "अहो उर्मिलाताई, शंका जनरल बॉडीत विचारायच्या. इथे नाही."

"राहू दे," महाराज हसले. "विचार, बेटी."

"ह्या कार्डावर एकतीस जून आहे. माझ्या मुलीच्याही कार्डावर एकतीस जून आहे. तुमच्या देवीकडे कॅलेंडर नाही का?"

गर्दीत कुजबुज झाली. महाराजांच्या पापण्या दोनदा फडफडल्या. तिसऱ्यांदा नाही.

"अधिक महिना ऐकलाय ना? तसा अधिक दिवस. तो माणसांना दिसत नाही. देवी त्याच दिवशी काम करते, कारण त्या दिवशी गर्दी नसते!"

टाळ्यांचा कडकडाट. पंढरीनाथकाका म्हणाले, "वा! क्या बात है!"

उर्मिला हलली नाही. "बरं. नीरज जन्मला ऑगस्टमध्ये. दोन हजार तीनच्या. आणि पाच वर्षांचा डोस त्याला जूनमध्येच दिलाय. जन्माच्या आधी!"

"मागच्या जन्मीचा!" महाराज गरजले. "देवी मागच्या जन्मीचे डोस पुढे ओढते. ह्याला म्हणतात कॅरी फॉरवर्ड!"

"अर्रे वाह," मागून एक गुजराती शेठ म्हणाले, "रजा कॅरी फॉरवर्ड होते, तर डोस का नाय होणार?"

हसू, टाळ्या, जयजयकार. हिशेबाने कुणाला पटत नाही, हे उर्मिलाला तेव्हा कळलं. तिने पिशवीतून इस्त्री काढली आणि पंपाच्या खोलीतल्या प्लगला लावली. मंडपाच्या झगमगत्या माळांनी आधीच टेकीला आलेला फ्यूज फट्ट करून उडाला. अंधार.

"कोपली!" नाथा ओरडला. "देवी कोपली!"

बायका मागे सरकल्या. पोरं रडायला लागली. निखाऱ्यांच्या लाल उजेडात महाराजांचा चेहरा एकदम खरा वाटायला लागला. उर्मिलाच्या हातात थंड इस्त्री, आणि शंभर लोक तिच्याकडे असे बघतायत जणू आता गोवर येईल तर तिच्यामुळेच.

आणि तेव्हा तिला गेटाजवळ आणखी एक लाल उजेड दिसला.

कोंडिराम इस्त्रीवाला. हातगाडीवर कोळशाची भली मोठी पितळी इस्त्री, तिच्या भोकांतून निखारे लुकलुकतायत. समोर इतका मोठा चमत्कार चालला असताना हा गृहस्थ आपला पँटची घडी घालत होता, कारण शनिवारी सकाळी लोकांना कपडे लागतात.

"कोंडिराम, ही तीन कार्डं. जरा फिरवा." तिने रांगेतल्या तिघींच्या हातातली न भाजलेली कार्डं ओढून घेतली.

"कागदाला इस्त्री?" कोंडिराम म्हणाला. "पांढरं हाय का रंगीत?"

"फिरवा तर!"

कोंडिरामने पाण्याचा घोट तोंडात घेतला आणि फुर्रकन उडवायच्या बेतात गाल फुगवले. उर्मिला ओरडली, "पाणी नको!" त्याने पाणी गिळलं आणि इस्त्री फिरवली. पंढरीनाथकाकांनी टॉर्च धरला. एका खाली एक, तिन्ही कार्डांवर देवी उगवली. तिन्हींवर तीच सही. तिन्हींवर एकतीस जून.

उर्मिलाला वाटलं, जिंकलो.

मग मागून एक आवाज आला, "अरे, ह्याच्या हातात पण आहे!"

आणि गर्दी कोंडिरामच्या पायांवर पडली.

"इस्त्रीनाथ महाराज की जय!"

"बाबा, माझ्या मुलाचा दमा बघा!"

"आवं, सोडा! पाय सोडा!" कोंडिराम हातगाडीवर चढून बसला. "म्या सकाळधरनं तुमच्याच चड्ड्या कडक करायलो! कवा देव दिसला का कुणाच्या चड्डीत? ताई, काय केलं हे, ह्यांना आवरा!"

तेवढ्यात गर्दीतून अनसूयाबाई पुढे आल्या. एका हातात महाराजांच्या राशीतलं लिंबू, दुसऱ्या हातात आगकाडी. त्या गाडीला टेकल्या आणि म्हणाल्या, "मी अनसूया. मला सगळे ओळखता. मी देवी नाही, महाराज नाही, मला संधिवात आहे. आता बघा." त्यांनी सगळ्यांसमोर लिंबू पिळलं, एका पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, पदराने वारा घातला. कोरा कागद चौफेर दाखवला. "कोंडिराम, फिरव रे बाबा."

इस्त्री फिरली. टॉर्चच्या उजेडात पंढरीनाथकाकांनी मोठ्याने वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला:

"माझा... नारळ... परत... द्या."

आधी एक पोरगं हसलं. मग स्वप्नाली. मग अख्खं पार्किंग. हसता हसता लोक लिंबांवर तुटून पडले. कुणी आपलं नाव लिहिलं, कुणी सासूचं, कुणी सेक्रेटरीविषयी पाण्याची तक्रार. कोंडिराम ओरडत होता, "रांगेत या! कागदाचा येगळा भाव हाय!"

फ्यूज बसून दिवे आले तेव्हा व्याघ्रचर्म रिकामं होतं. महाराज आणि नाथा पंपामागच्या भिंतीवरून पसार झाले होते. खडावा मात्र तिथेच राहिल्या होत्या.

---

पुढच्या बुधवारी आरोग्य केंद्रात रांग होती. नीरजला घेऊन स्वप्नाली, सुरुचीला घेऊन उर्मिला आणि अनसूयाबाई. बी विंगच्या त्या दोन काकूही होत्या, पुन्हा बोलायला लागलेल्या.

टेबलामागे राजश्री सिस्टर. उर्मिलाने कार्ड पुढे केलं आणि मान खाली घातली. "सिस्टर, चार वर्षं उशीर झालाय. चूक माझी आहे."

सिस्टरनी कार्डावरचे मसुराचे दोन दाणे झटकले. "उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, ताई. डॉक्टर बघतील, वयाप्रमाणे काय द्यायचं ते सांगतील. ताप येईल एखादा दिवस, गोळी देते. पुढच्या वेळी कार्ड कपाटात ठेवा, डाळ डब्यात."

तेवढ्यात बाकाच्या टोकाला कुणीतरी कण्हलं. विजार गुडघ्यापर्यंत वर, तळपायाला फडकं, दाढी केलेली. चेहरा आधी ओळखू आला नाही. आवाज आला.

"सिस्टर, भिंतीवरून उतरताना गंजका खिळा लागला. पाच दिवस झाले. धनुर्वाताचं इंजेक्शन लवकर द्या हो, फार भीती वाटते."

अनसूयाबाईंनी वाकून बघितलं. "महाराज? सुई?"

"हळू बोला, माऊली," सुईमुक्तानंद म्हणाले.

"का? देवी सूक्ष्म डोस देत नाही का? फ्रिज नाही का घरी?"

सुरुची डॉक्टरांच्या खोलीतून दंड धरून बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं, पण चालत होती रुबाबात. महाराजांनी तिलाच विचारलं, "बाळा, फार दुखतं का गं?"

सुरुचीने विचार केला. "मुंगीपेक्षा जास्त. पडल्यावर लागतं त्यापेक्षा कमी."

"नंबर अठरा!" सिस्टरनी हाक मारली, आणि सुईपासून मुक्ती देणारे महाराज लंगडत आत गेले.

ह्या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण नीरजचा गोवरचा डोस एक आठवडा चुकला होता, आणि बी विंगला गोवर होता. सुरुचीचे चार वर्षं चुकले होते. काही झालं नाही, हे नशीब. नशिबावर पोरं वाढवायची नसतात.

कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, चिडू नका. एवढंच विचारा: हे माझ्या घरी, माझ्या हाताने, तुझ्यावाचून होतं का? होत असेल, तर ती युक्ती आहे. आणि करून बघायला तो देतच नसेल, तर त्याला कशाची भीती वाटते, तेही विचारा. मग घरी जाऊन मुलाचं कार्ड काढा, जिथे दडवलं असेल तिथून. रकाना कोरा असेल तर लाज वाटेल. वाटू द्या. लाजेने कुणाचा गळा बंद होत नाही, घटसर्पाने होतो.

घरी परतताना उर्मिलाने कार्ड पुन्हा एकदा उघडून बघितलं. निळ्या बॉलपेनची साधी नोंद, खऱ्या बुधवारची तारीख, आणि राजश्री सिस्टरची सही. ती मात्र वाचता येत होती.